ऑपरेशनच्या सकाळी प्यालेलं दूध

“चौगुले, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत. एक-दोन नाहीत, बरेच आहेत.” सोनोग्राफीचे डॉक्टर पडद्यावरची नजर न काढताच बोलले. मी पोटावर गार चिकट जेल घेऊन आडवा पडलो होतो. पडद्यावर मला नुसता काळा-पांढरा धूर दिसत होता. तरी मी “हां, हां” केलं, कारण आपल्याला काही कळत नाही हे कबूल करायची मला सवय नाही. या सवयीने पुढे काय घोटाळा केला तेच सांगायला बसलो आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय अठ्ठावन्न. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी रिवायंडिंग करून, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळून, देण्याचं माझं दुकान आहे. तीस वर्षं लोक मला मिस्त्री म्हणतात. पोटदुखी सुरू झाली ती एका बारशाच्या जेवणानंतर. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत खांद्यापर्यंत जायची. मी ओवा चावला, सोडा प्यालो, गॅस आहे म्हणून स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या वेळी कळ आली तेव्हा हातातला पाना खाली पडला आणि दुकानातच फरशीवर बसलो. मग बायकोने, म्हणजे सुमनने, रिक्षा बोलावली आणि मला राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेऊन घातलं.

तिथले सर्जन साहेब मोजकं बोलणारे. “लॅप्रोस्कोपी करू. पोटावर तीन-चार बारीक छिद्रं पाडायची, दुर्बिणीने आत बघायचं आणि पित्ताची पिशवी खड्यांसकट काढून टाकायची. दोन दिवसांत घरी. तोवर तुपकट, तेलकट बंद.” मी मान हलवली. म्हशीच्या दुधाला मात्र मी तुपकटात धरायला तयार नव्हतो.

इथे आमच्या दूधकट्ट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या पेठेत पहाटे रस्त्याच्या कडेला गवळी म्हशी घेऊन उभे राहतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. दूध म्हशीच्या अंगाइतकं कोमट असतं. आमचा गवळी इराप्पा. तीस वर्षं त्याच्याच म्हशीचं दूध पितो. तो माझा गवळीही आहे आणि दोस्तही. आम्ही सात-आठ जण रोज तिथे जमतो, दूध पितो, मिशा पुसतो आणि सगळ्या जगाचा निकाल लावून घरी जातो. खडे कळल्यावर मी ग्लासाचा अर्धा ग्लास केला होता. माझ्या मते हे पथ्यच होतं.

आता खरं सांगतो. मला सुरीची भीती वाटत नव्हती, भुलेची वाटत होती. भूल द्यायची म्हणजे माणसाला झोपवायचं, आणि झोपवलेला माणूस उठलाच नाही तर? हे मी कोणाला बोललो नाही. बोलणार कोणाला? कट्ट्यावर मी मोठ्या आवाजाचा माणूस. पण आठवडाभर अंथरुणावर पडलं की हाच विचार यायचा, आणि मी सुमनकडे पाठ करून पडून राहायचो.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मला प्री-ॲनेस्थेटिक चेकअपला बोलावलं. म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी. मला वाटत होतं भूल म्हणजे एक इंजेक्शन, ते कोणीतरी टोचतं आणि दुसऱ्या दवाखान्यात निघून जातं. तर समोर मुल्लाणी मॅडम. भूलतज्ज्ञ. तोंडावर मास्क, डोक्याला टोपी, मधे फक्त चष्म्यामागचे डोळे. त्यांनी ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि मग प्रश्न विचारायला लागल्या ते थांबेचनात.

जिना चढताना दम लागतो का? रात्री घोरता का? आधी कधी भूल दिली होती का? कुठल्या औषधाची ॲलर्जी, म्हणजे अंगावर पुरळ वगैरे? तंबाखू? तोंड उघडा, मोठं उघडा, जीभ बाहेर काढा. मान मागे न्या. एखादा दात हलतो का? कवळी आहे का?

“मॅडम, खडे पोटात हायत,” मी म्हटलं. “दात कशाला?”

“तुम्ही झोपल्यावर श्वासासाठी घशातून एक ट्यूब घालावी लागते, काका,” त्या म्हणाल्या. “हलणारा दात तेव्हा निसटला तर श्वासनळीत जाऊ शकतो. म्हणून आधी विचारते.”

सुमन शेजारी बसली होती. तिने लगेच सांगून टाकलं की माझी डाव्या बाजूची दाढ हलते आणि मी घोरतो तेव्हा शेजारची कुत्री जागी होतात. मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं. शेवटी एक छापील कागद दिला. रात्री दहानंतर काही खायचं नाही. दूध, चहा, कॉफी नाही. सकाळी सहापर्यंत साधं पाणी दोन घोट चालेल. तो कागद सुमनने देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावला.

कागद मी वाचला होता. नीट वाचला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी “मला कोणी सांगितलंच नव्हतं” असं म्हणून बघितलं होतं.

ऑपरेशनची सकाळ. सातला दवाखान्यात पोचायचं, नऊला ऑपरेशन. रात्री दहा वाजताच सुमनने स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली होती. पहाटे मला जाग आली आणि छातीत धडधडायला लागलं. ती अंघोळीला गेली तसा मी चपला घालून बाहेर पडलो. फक्त कट्टा बघून यायचं, दोस्तांना भेटायचं, एवढंच मनात होतं. परत बघायला मिळेल की नाही असंही एका कोपऱ्यात होतं. ते आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

इराप्पाने मला बघितलं आणि म्हशीखालून उठला. “मिस्त्री, रिकाम्या पोटानं सुरी लावून घ्यायला निघालास व्हय?”

“डॉक्टरनी कायबी घ्यायचं न्हाय म्हटलंय,” मी म्हणालो.

“त्येंचं काय जातंय म्हणायला? मानसाच्या अंगात ताकद नगं? झोपंतनं उठायचं कशाच्या जीवावर?”

तो शेवटचा प्रश्न बरोबर माझ्या दुखऱ्या जागी लागला. उठायचं कशाच्या जीवावर, हेच तर मी आठवडाभर स्वतःला विचारत होतो. बाकीच्या मंडळींनीही माना डोलावल्या. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात एक युक्तिवाद तयार झाला, जो फक्त कोल्हापूरकराच्याच डोक्यात तयार होऊ शकतो. कागदावर दूध नको असं लिहिलंय खरं, पण ते पिशवीतलं दूध असणार. डॉक्टर लोक पिशवीतलंच पितात. त्यांना धारोष्ण दूध काय माहीत? हे तर औषध आहे.

मी पूर्ण ग्लास प्यालो. अर्धा नाही, पूर्ण. तेव्हा पावणेसहा वाजले होते. मिशा पुसल्या, घरी आलो आणि सुमनला सांगितलं की जरा पाय मोकळे करून आलो.

दवाखान्यात पोचलो तर माझ्या आधी नेसरी पोचलेली. सुमनचं माहेर नेसरीचं. तिचा भाऊ तानाजी जीपभर माणसं घेऊन आला होता. मामी, काकी, दोन आत्या, सगळे बाकांवर दाटीवाटीने बसलेले. आमच्याकडे ऑपरेशनला माणसं कमी आली तर पेशंटला कमीपणा येतो.

नर्सबाईंनी विचारलं, “काही खाल्लंय का?” मी म्हटलं, “न्हाय.” हे एक खोटं.

मग मुल्लाणी मॅडम वॉर्डात आल्या. नाडी बघितली, बीपी बघितलं, कागद चाळले. “काका, काल रात्रीपासून काही खाल्लं-प्यालंय? पाणी सोडून?” शेजारी सुमन उभी होती. दारात तानाजी. मी म्हटलं, “न्हाय मॅडम, कायबी न्हाय.” हे दुसरं. आणि हे बोलताना मला काही वाटलंही नाही. एक ग्लास दुधाने काय होणार, असंच वाटत होतं.

पाठीमागून उघडा असलेला तो हिरवा झगा घालून मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तो झगा ज्याने शोधला त्याने स्वतः कधी घातला नसावा. टेबल अरुंद, खोली गार, वर मोठे दिवे. हाताला सलाईन, बोटाला चिमटा, छातीवर चिकटवलेल्या तारा. शेजारच्या यंत्रातून टिक टिक आवाज येत होता. मॅडमनी सांगितलं की चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो आणि तो आवाज माझ्या हृदयाच्या ठोक्यांचा आहे. सर्जन साहेब बाजूला हात धुऊन तयार होते.

मॅडम माझ्या डोक्याशी स्टुलावर बसल्या आणि वाकून म्हणाल्या, “चौगुले काका, आता एकदा शेवटचं विचारते. यानंतर तुम्हाला सांगता येणार नाही, आणि मला विचारता येणार नाही. पोटात काही आहे का?”

मी वरच्या दिव्यांकडे बघत राहिलो.

त्या आवाज न चढवता पुढे बोलत राहिल्या. “जागेपणी काही वर आलं तर आपण खोकतो, ठसका लागतो. ती घशाची राखण असते. मी औषध दिलं की ती राखणसुद्धा झोपते. तेव्हा पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. त्याला आम्ही ॲस्पिरेशन म्हणतो. त्यात माणूस जाऊ शकतो, काका. आज तुमच्याकडून मला दुसरं काही नको. फक्त खरं सांगा.”

फक्त खरं सांगा. हे वाक्य तीस वर्षं मी बोलतोय. शिरोळकडचा शेतकरी जळकी मोटर घेऊन येतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “मिस्त्री, आपोआप जळली बगा.” मी विचारतो, विहिरीत पाणी नसताना कोरडी चालवली का? न्हाय. एक फेज गेला असताना चालू ठेवली का? न्हाय, न्हाय. मग मी ओरडतो की माझ्याशी खोटं बोलून तुझी मोटर बरी होत नाही, फक्त खरं सांग. आणि तरी सांगितलं नाही तर मी नट सोडून मोटर उघडतो आणि जळालेल्या तारा बघून मला सगळं कळतं.

पण या बाईंना मला उघडून बघता येणार नव्हतं. त्यांच्या हातात फक्त माझा शब्द होता. पंपाच्या पाइपाला खाली फुटव्हॉल असतो, पाणी परत न जाऊ देणारी झडप, तो बिघडला की वर चढलेलं पाणी उलटं फिरतं, हे मी रोज लोकांना समजावतो. माझाच फुटव्हॉल त्या आता निकामी करणार होत्या आणि वर इराप्पाचं पूर्ण ग्लासभर दूध होतं. यंत्रातली टिक टिक इतकी जलद झाली की सर्जन साहेबांनी मान वळवून बघितलं.

तरीही, खरं लिहायचं म्हणून लिहितो, पहिला विचार जिवाचा आला नाही. पहिला विचार आला बाहेर बसलेल्या जीपभर नेसरीचा. सगळ्यांसमोर लाज जाणार. तानाजी वर्षभर ही गोष्ट सांगत फिरणार. सर्जन साहेब चिडणार. सुमनने कडी घातली होती. गप्प बसलो तर कदाचित काहीच होणार नाही आणि कोणाला कळणारही नाही. एवढ्याशा लाजेपायी मी जीव पणाला लावायला निघालो होतो. माणूस इतका बावळट असू शकतो हे मला त्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं.

“मॅडम,” मी म्हटलं, “दूध प्यालोय.”

“किती?”

“एक ग्लास. म्हशीचं. पावणेसाला. कट्ट्यावर गेलतो.”

सर्जन साहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मॅडमनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “शाब्बास.”

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला गाढवपणा केल्यावर कोणी शाब्बास म्हटलं तर डोळ्यात पाणी येतं. माझ्या आलं.

मग त्यांनी समजावलं. साधं पाणी पोटातून दोन तासांत पुढे जातं, म्हणून ते चालतं. दूध दिसायला पातळ, पण पोटात गेलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि शरीर त्याला जेवणासारखं धरतं. निदान सहा तास थांबावं लागतं. त्यात म्हशीचं, सायीचं, आणि माझं पित्त आधीच बिघडलेलं. ऑपरेशन घाईचं नव्हतं. सर्जन साहेबांची पुढची ऑपरेशनं रांगेत होती. म्हणून उद्या सकाळी.

मला ढकलगाडीवर घालून बाहेर आणलं. आत जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. दार उघडताच तानाजी उठला, मला बघितलं, हात वर केले आणि पूर्ण मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, “झालं बी! वीस मिंटात! काय डाक्टर हाय!” त्याने लगेच नेसरीला फोन लावला. एका आत्याने पदरातून साखर काढून वाटायला सुरुवात केली. मी डोळे मिटून घेतले.

मॅडम माझ्या सोबत बाहेर आल्या होत्या. त्यांनी सुमनला बाजूला घेऊन सांगितलं, “ऑपरेशन उद्या होईल, मावशी. आज त्यांचं पोट रिकामं नव्हतं.”

“पोट रिकामं न्हवतं?” सुमन म्हणाली. “म्या स्वतः कडी घातलती की.” मग तिने माझ्याकडे बघितलं आणि एका क्षणात ओळखलं. “कट्ट्यावर गेलता तुमी.”

मला वाटलं आता दवाखाना डोक्यावर घेईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. “म्या हितं देवाला हात जोडून बसलीया,” ती म्हणाली, “आन् तुमी जीवाशी खेळ करून आलासा.” तीस वर्षांच्या संसारात मी तिला अनेक वेळा चिडवलं आहे, रडवलं क्वचित. मला माझीच चीड आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “चुकलं माझं.” हे वाक्य नेसरीकरांनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण साखर वाटणारी आत्यासुद्धा थांबली.

दुपारी इराप्पा आला. बातमी पेठेत पोचली होती. सवयीने हातात दुधाची बरणी होती आणि ती कुठे लपवावी हे त्याला कळत नव्हतं. सुमन त्याच्याकडे बघेना. तेवढ्यात मुल्लाणी मॅडम राउंडला आल्या आणि बरणी बघून म्हणाल्या, “तुम्हीच का ते?”

इराप्पा बावरला, पण हार मानणारा नाही. “आमी दूध पाजतो बाई, इख न्हाय पाजत. पान्याचा थेंब न्हाय माझ्या दुधात.”

“मामा, तुमचं दूध चांगलंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “चांगलं घट्ट आहे म्हणूनच पोटात जास्त वेळ राहतं. पाणी घालत असता तर इतकं वाईट झालं नसतं.”

मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवून तेच सगळं सांगितलं जे मला सांगितलं होतं, घशाची राखण आणि फुप्फुस. तो नीट ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, “मग रिकाम्या पोटाच्या मानसाला ताकद कुठनं येती?”

“सलाईनमधून. आणि मी असते की शेजारी.”

“कितीक येळ?”

“ते जागे होऊन माझ्याशी बोलेपर्यंत.”

मला हे नवीनच होतं. इंजेक्शन दिल्यावर मॅडम निघून जात नाहीत? मी विचारलं तर त्या हसल्या. ऑपरेशन चालू असताना सर्जनचं लक्ष पोटात असतं, म्हणाल्या, आणि बाकीचा अख्खा माणूस माझ्याकडे असतो. श्वास यंत्राने द्यायचा, बीपी वर-खाली झालं की औषध द्यायचं, दुखू द्यायचं नाही, हलू द्यायचं नाही, आणि काम संपलं की हळूहळू परत आणायचं. आठवडाभर मला ज्याची भीती वाटत होती ते काम एक माणूस स्टुलावर बसून, एक मिनिट नजर न काढता करतं, हे मला आधी कळलं असतं तर मी कट्ट्यावर गेलोच नसतो. म्हणून तुम्हाला सांगतो, भीती वाटत असेल तर ती भूलतज्ज्ञालाच बोलून दाखवा. गवळ्याला दाखवू नका.

त्या रात्री तानाजीला माझ्यावर पहारा बसवला. सुमनचा हुकूम होता की संडासलाही एकटं सोडायचं नाही. त्याने तो इतका मनावर घेतला की सकाळी मी दात घासताना चूळ गिळत नाही ना हेही बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी परत तोच झगा, तेच दिवे. मॅडमनी परत विचारलं. मी म्हटलं, “दोन घोट पाणी, साडेपाचला. तानाजी साक्षीदार हाय.” त्या हसल्याचं डोळ्यांतून कळलं. नाका-तोंडावर मास्क ठेवला आणि म्हणाल्या, “काका, मोटर जळते कशी हो नेमकी? आमच्या गावाकडची सारखी जळते.”

हा माझा विषय. मी सुरू झालो. “मॅडम, करंट तीन फेजचा असतोय. त्येतला एक जर का गेला तर...”

पुढचं आठवत नाही. मधे काहीच नव्हतं, स्वप्नही नाही. मग लांबून आवाज आला, “काका, डोळे उघडा. श्वास घ्या मोठा. काका, एक फेज गेला तर काय होतं?” मी डोळे न उघडताच म्हटलं, “बाकीच्या दोनवर लोड येतोय.” आसपास सगळे हसले. ऑपरेशन झालं होतं.

पुढे ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. घसा दोन दिवस खवखवतो, ट्यूबमुळे, त्याने घाबरू नका. उजवा खांदा दुखतो. दुर्बीण घालण्यासाठी पोटात गॅस भरतात, त्याचा तो ताण असतो. मला वाटलं हृदयाचं काही आलं, पण चालायला लागलो तसा गेला. शुद्धीवर येताना हुडहुडी भरते. काढलेले खडे बाटलीत घालून देतात. माझे सतरा निघाले आणि नेसरीच्या प्रत्येक माणसाने ते मोजले.

टाके काढायला गेलो तेव्हा मॅडमना भेटायचं ठरवून पेढे नेले होते. सर्जन साहेबांना दिले, नर्सबाईंना दिले. कॉरिडॉरमध्ये एक ठेंगण्या, हसऱ्या बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांनाच विचारलं, “भूल देणाऱ्या मुल्लाणी मॅडम कुठं भेटतील?”

“बोला की काका,” त्या म्हणाल्या आणि आवाजावरून मी ओळखलं. मास्कशिवाय मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. ज्या माणसाने दोन तास माझा श्वास सांभाळला त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. सुमनने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

मी विचारलं, “मॅडम, मी त्या दिवशी बोललो नसतो तर?”

“तर मला कळलं नसतं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. तेव्हापासून दुकानात जळकी मोटर आली तर मी ओरडत नाही. एकदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, चहा देतो आणि तिसऱ्यांदा विचारतो. लोक सांगतात.

आता सात महिने झाले. अर्धा ग्लास परत सुरू आहे, डॉक्टरांना विचारून. पण कट्ट्यावर एक बदल झाला आहे. अनोळखी माणूस आला की इराप्पा ग्लास हातात धरून ठेवतो आणि आधी विचारतो, “पावणं, आज दवाखान्याचं काम न्हाय न्हवं?” लोक चक्रावतात. काही हसतात. तो न हसता उत्तराची वाट बघतो.

परवा एक तरुण शेतकरी आला. शिरोळकडचा. बगलेत दवाखान्याची फाईल. इराप्पाने विचारलं तसा म्हणाला, “माझं न्हाय, आईचं ऑपरेशन हाय. नऊला. म्या पिऊ शकतो की.”

“तू पी. पर आईला काय दिलं न्हाईस न्हवं?” ग्लास त्याच्या हातात देत इराप्पा म्हणाला.

तो माणूस खाली बघायला लागला. इराप्पाने माझ्याकडे बघितलं. मी उठून त्याच्याजवळ गेलो.

“बीपीची गोळी द्यायची हुती,” तो हळूच म्हणाला. “रिकाम्या पोटी कशी द्यायची? बेकरीतली दोन बटर चहात बुडवून दिली. आता सांगितलं तर ऑपरेशन फुडं ढकलतील. गावाकडनं सगळी मानसं आल्यात.”

“माझी बी आलती,” मी म्हटलं. “जीपभर. फोन लाव.”

“आता?”

“आता. फाईलवर दवाखान्याचा नंबर असतोय. भूल देनाऱ्या डाक्टरला द्या म्हन.”

त्याने माझ्याकडे बघितलं, इराप्पाकडे बघितलं, कट्ट्यावरच्या सगळ्या मिशांकडे बघितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि नंबर लावला. पलीकडून कोणीतरी बोललं. त्याने घसा साफ केला आणि भर रस्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मॅडम, आईनं चहा आन् दोन बटर खाल्ल्यात. सकाळी साडेपाचला. मीच दिल्यात.”

तो बराच वेळ ऐकत राहिला. “व्हय,” म्हणाला. “व्हय मॅडम. थांबतो.” फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता, पण खांदे मोकळे झाले होते.

“काय म्हनल्या?” इराप्पाने विचारलं.

“शाब्बास म्हनल्या.”

इराप्पाने खाली ठेवलेला ग्लास उचलला, गार झालेलं दूध बरणीत ओतलं आणि म्हशीखाली बसून ताजी धार काढली. फेस वरपर्यंत आला तसा ग्लास त्या माणसाच्या हातात दिला.

“आता पी,” तो म्हणाला.